गिरणीशेजारच्या खोलीतलं टेबल

मी टेबल बोलतोय. शहाद्यात एका पिठाच्या गिरणीला लागून छोटी खोली आहे, तिथलं. सागाचं, वजनदार, एका खणाचं. खणाला कुलूप आहे. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे माझ्या बोलण्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

माझा जन्म अक्कलकुव्याचा. सुकलाल मिस्त्रींनी मला घडवलं. माणूस अबोल, हात मात्र देवाचा. त्यांनी मला रंधा मारून मारून असं गुळगुळीत केलं की येणारा-जाणारा उगाचच माझ्यावरून तळहात फिरवायचा. मला वाटलं होतं, एखाद्या शाळेत जाऊ. पण मला नेलं एका पोलीस चौकीत. कुठल्या, ते सांगत नाही.

तिथे मी सतरा वर्षं काढली. माझ्यावर जबाब लिहिले जात. समोर बसलेल्या माणसाला आधी चहा मिळायचा. मग गोड आवाजात म्हटलं जायचं, "घाबरू नको. मनात असेल ते बोलून टाक. तुझंच भलं होईल." जालमसिंग नावाचा डोंगरातला एक माणूस असाच बोलून गेला होता. मोहाच्या झाडावरून भावाशी भांडण झालं, रागात मी त्याला नाही नाही ते बोललो, एवढंच तो म्हणाला. तीन महिन्यांनी तेच वाक्य, गुन्ह्याची कबुली म्हणून, माझ्यावर ठेवून त्याला वाचून दाखवलं गेलं. तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता, ते मी अजून विसरलो नाही. त्या दिवसापासून कुणी गोड बोललं की माझ्या सगळ्या सांध्यांत कळ येते.

पुढे चौकीला लोखंडी टेबलं आली आणि मी लिलावात निघालो. एका संस्थेने मला घेतलं आणि या खोलीत आणून ठेवलं. बाहेर पाटी लागली, 'समुपदेशन केंद्र. व्यक्ती आणि कुटुंबांसाठी. दर बुधवारी व शनिवारी.' खाली बारीक अक्षरात, 'फी ज्याला जशी जमेल तशी.'

त्या बारीक अक्षरांनीच घोळ केला. फुकटात किंवा नाममात्र पैशात कोण कुणाचं ऐकतं? गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका पाटी वाचून आपसांत तर्क करत. कुणाला वाटे, सह्या घेऊन जमिनीचं काहीतरी करतात. कुणी म्हणे, घटस्फोट लावून देतात. एका आजोबांनी तर आत डोकावून विचारलं, "निवडणूक जवळ आली का?" मला त्या सगळ्यांचं पटायचं.

माझ्यामागे बसायला आली गायत्री वळवी. वय तिशीच्या आतबाहेर, आवाज शांत, हातात एक साधी वही. पहिल्याच दिवशी समोरच्या बाईला ती म्हणाली, "तुम्ही इथे जे बोलाल ते या खोलीबाहेर जाणार नाही. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला गप्प बसता येणार नाही. तेही तुम्हाला सांगूनच करेन." मी मनात म्हटलं, आला गोड आवाज. वही तिने माझ्या खणात ठेवली आणि कुलूप लावलं. मी वाट बघू लागलो, ही वही कधी कुणासमोर धरली जाते त्याची.

असेच सातआठ महिने गेले आणि मग कळसाडी गावची मयूरी आली.

उन्हाळ्याचे दिवस होते. तोंडाला रुमाल, डोळ्यांना काळा चष्मा. घरी तिने शिंप्याकडे जाते म्हणून सांगितलं होतं. खुर्चीच्या टोकावर बसून ती आधी शाळेतल्यासारखी मराठी बोलली. "माझ्या सासऱ्यांना वेड लागलं आहे. तसा कागद मिळेल का?"

"कागद मी देत नाही," गायत्री म्हणाली. "काय झालं ते सांगा."

सासऱ्यांचं नाव शांतीलाल पटेल. वय बहात्तर. केळी, ऊस, कापूस, सगळं स्वतः उभं केलेला माणूस. बायको प्रमिलाबाई चार वर्षांपूर्वी गेली. घरात आता ते, मुलगा हेमकांत आणि ही सून. गेल्या पाच आठवड्यांपासून त्यांनी घरचं अन्न तोंडात घेतलं नव्हतं. स्वतःच्या शेतातली केळी, दुकानातले बंद पुड्यातले टोस्ट आणि हापशावर जाऊन स्वतः भरून आणलेलं पाणी, एवढ्यावर ते होते. पायजम्याची नाडी रोज थोडी जास्त आवळावी लागत होती. आणि चावडीजवळ बसून ते सांगत होते की सून जेवणात काहीतरी घालते.

"परवा शेजारी बारसं होतं," मयूरी म्हणाली. "मी शिरा करून नेला. सगळ्यांनी हसून घेतला आणि बाजूला ठेवला. कोणी एक घास खाल्ला नाही." इथे तिची पुस्तकी मराठी सुटली. "मी मानूस मारनारी दिसस का ताई?"

गायत्रीने तिचं रडणं होऊ दिलं. मग सासऱ्यांबद्दल एकेक विचारत गेली. झोप कशी आहे, तब्येत कशी आहे, बोलतात का. मयूरीने तक्रारींचा पाढाच वाचला. टीव्ही इतका मोठा लावतात की भिंती हादरतात. एक विचारलं तर दुसरंच सांगतात. मोबाइल बिघडला म्हणून फेकून दिला, तो चांगला होता. हाक मारली तर मुद्दाम बघत नाहीत.

"घरात त्यांच्यापासून काही लपवलं आहे का?" गायत्रीने विचारलं.

मयूरीने हात माझ्यावर टेकले. तिच्या हातांना घाम आला होता, तो मला कळत होता. मग अगदी हळू म्हणाली, "आहे."

शांतीलालची मुलगी भाविका. गुजरातच्या हद्दीपलीकडे दिलेली. नवऱ्याच्या माराला कंटाळून आठ महिन्यांपूर्वी तिने सासर सोडलं होतं. नंदुरबारला खोली घेऊन राहत होती, एका बालवाडीत शिकवत होती. हेमकांतला माहीत होतं. बहीणभाऊ फोनवर बोलत, मयूरी स्वयंपाकघरात उभी राहून खालच्या आवाजात नणंदेची विचारपूस करी. बापाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ते तिला हाताला धरून परत पोचवून येतील, अशी भाविकाला भीती होती.

"त्यांना सांगणार नाही ना तुम्ही?"

"मी सांगणार नाही," गायत्री म्हणाली. "पण त्यांच्याशी खोटंही बोलणार नाही. हे लक्षात ठेवून त्यांना आणा."

त्या दिवशी खणात वही गेली ती मला जड लागली. एका घराचं गुपित माझ्या पोटात होतं आणि किल्ली तिच्याकडे होती. आता ही काय करते बघू, असं म्हणून मी टपून बसलो.

पुढच्या बुधवारी हेमकांत बापाला घेऊन आला. डोळे तपासायचे आहेत म्हणून. शांतीलाल आत आले, भिंतींकडे पाहिलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "डोया कोठे तपासतस अठे?"

हेमकांत खाली बघू लागला. गायत्री उठून उभी राहिली. म्हाताऱ्याच्या समोर जाऊन, स्वच्छ आवाजात तिने सांगितलं, "इथे डोळे तपासत नाहीत आबा. घरातल्या माणसांचं आपसांत बिनसतं, मनाला त्रास होतो, तेव्हा लोक इथे बोलायला येतात. तुमच्या मुलाने तुम्हाला खोटं सांगून आणलं. ते चुकलं. तुम्हाला जायचं तर जा."

माझा संशय वाढला. चौकीत कुणी कधी 'जायचं तर जा' म्हटलं नव्हतं. हा नवीन डाव असणार.

शांतीलालनाही तसंच वाटलं असावं. ते गेले नाहीत, तावातावाने बसले. हेमकांतला त्यांनी हातानेच बाहेर काढलं. पाण्याचा ग्लास दोन बोटांनी दूर सरकवला. मग विचारलं, "आडनाव काय तुन्हं?"

"वळवी."

"आमना ऊस तोडाले येतस, त्यासमधली?"

"हो. माझी आई तुमच्याच भागात यायची ऊसतोडीला. मी पण यायची, तिच्या पाठीवर."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेचा अर्थ मला कळला, कारण तशी नजर मी स्वतः बाळगून आहे. ही आता कुठला जुना हिशेब चुकता करते, असं त्यात होतं. पण ती तशीच बसून राहिली. शेवटी न राहवून तेच बोलू लागले.

"मी घरमा ऊनू की बठ्ठा गप्प. नवरा-बायको तोंडले तोंड लाईसन कुजबूज करतस. माले पाहिसन हासतस. माले येडा समजतस का? माले बठ्ठं दिसस." बोलताना त्यांचा उजवा पंजा माझ्यावर पडलेला होता. भला मोठा, भेगाळलेला पंजा. "मन्हा जेवणमा काय तरी शे."

त्याच क्षणी शेजारची गिरणी सुरू झाली.

ती सुरू झाली की या खोलीतलं बोलणं थांबतं. लोक दचकतात, कपाळाला आठी घालतात, गायत्री हात वर करून 'थांबा' म्हणते. पट्टा फिरायला लागतो, जमीन थरथरते आणि माझ्या पायांतून ती थरथर वर येते.

शांतीलाल दचकले नाहीत. आठीही घातली नाही. त्याच आवाजात ते बोलत राहिले. दोनतीन वाक्यांनंतर मात्र त्यांचा पंजा चटकन उचलला गेला, जसा तव्यावर पडला असावा.

"हाई टेबल थरथरी ऱ्हायनं!" ते ओरडले. वाकून त्यांनी माझ्या खाली पाहिलं, खण हिसकून पाहिला. "याना आत मशीन शे का? मन्हं बोलणं टेप करी ऱ्हायनी तू?"

माझ्या आयुष्यात माझ्यावर असा आरोप कुणी केला नव्हता. पण मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

गायत्रीने किल्ली काढून खण पूर्ण उघडला. वही, दोन पेनं, गोळ्यांची पट्टी. मशीन नव्हतं. मग ती त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघू लागली. तिने तोंडावर हात धरला आणि काहीतरी बोलली. मला ऐकू आलं, "आबा, तुमचं गाव कोणतं?" शांतीलाल तिच्या हाताकडे बघत राहिले. उत्तर आलं नाही.

तिने कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'शेजारी गिरणी चालू झाली आहे. आवाज येतो का?'

म्हाताऱ्याने वाचलं. "गिरणी? कोठे शे गिरणी?"

गायत्री त्यांना भिंतीपाशी घेऊन गेली. त्यांचा तळहात भिंतीवर ठेवला. मग दोघं बाहेर गेले. परत आले तेव्हा शांतीलालच्या मिशांवर आणि भुवयांवर पीठ बसलं होतं. पट्ट्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले होते ते. तिथे त्यांना ऐकू आलं होतं, पण फार लांबून आल्यासारखं.

ते बसले. एवढा मोठा माणूस, पण त्या खुर्चीत अगदी आखडून.

"म्हंजे मी बहिरा शे," ते म्हणाले.

"ऐकू कमी येतंय. तपासून घ्यावं लागेल."

मला वाटलं, झालं. बाई आता जिंकली, म्हाताऱ्याला समजावेल, की कुणी काही लपवत नाही, सगळा तुमच्या कानांचा दोष, घरी जाऊन गपगुमान जेवा. सोपं होतं ते. पण शांतीलाल काही कच्चे नव्हते. डोकं वर करून त्यांनी विचारलं, "पन ते कुजबूज करतस, ते तर खरं ना? माले एक सांग. मन्हापासून ते काही लपाडतस का?"

गिरणी बंद झाली होती. खोलीत आवाज नव्हता. गुपित माझ्या पोटात होतं आणि ते गुपित ऐकण्याचा हक्क असलेला माणूस माझ्यावर कोपरं टेकून बसला होता. चौकीतला साहेब असता तर त्याने एक तर सगळं सांगून टाकलं असतं, नाही तर शपथेवर नाही म्हटलं असतं. जे सोयीचं ते.

गायत्री त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन एकेक शब्द सुटा करून बोलली, "आबा, याचं उत्तर माझ्या हातातलं नाही. ते तुमच्या घरच्यांनी द्यायचं. पण तुम्ही वेडे नाही, एवढं मी सांगते. पुढच्या बुधवारी त्यांना इथेच विचारा. मी बसलेली असेन."

ते उठले. पाणी प्यायले नाहीत. पण दारातून वळून तिला एकदा नमस्कार केला.

पुढचा बुधवार कधी उजाडतो असं मला झालं. ते तिघे आले तेव्हा ऊन चढलं होतं. मयूरीच्या हातात डबा होता, शांतीलालच्या खिशात दोन केळी. गायत्रीने बसण्याची रीत सांगितली. ज्याला बोलायचं त्याने बाबांकडे तोंड करून, सावकाश बोलायचं. आपसांत एक शब्दही नाही.

शांतीलालनी विचारलं, "काय लपाडतस?"

"काही नाही बाबा," हेमकांत म्हणाला. त्याचा पाय माझ्या पायावर आपटत होता. "तुम्हाला उगाच वाटतं."

गायत्री हेमकांतकडे बघत होती, रागाने नव्हे, पण नजर हटवत नव्हती. हेमकांतने पुन्हा एकदा 'काही नाही' म्हटलं, आवाज आता बारीक झाला होता. तेव्हा मयूरीने माझ्यावरचा कागद ओढला. तिने लिहिलं ते माझ्या पाठीवर उमटलं, इतकं दाबून लिहिलं तिने.

'भाविकाताई सासरी नाहीत. तो मारत होता. आठ महिन्यांपासून नंदुरबारला राहतात.'

शांतीलालनी कागद डोळ्यांजवळ नेला. दोनदा वाचला. हेमकांत उठून मागे सरकला. आता बाप कडाडणार, असं त्याला वाटलं असावं.

"जित्ती शे ना ती?" म्हातारा म्हणाला.

कुणाला काही कळेना.

"भाविका. जित्ती शे ना?"

"हो बाबा! जिवंत आहे. चांगली आहे!"

मग तो मोठा माणूस माझ्यावर डोकं टेकून रडला. अडखळत अडखळत जे बोलला ते असं. आठ महिने मुलीचा आवाज कानावर पडला नव्हता. फोनमधून नुसती खरखर यायची, तो त्यांनी फेकून दिला. 'भाविका कशी शे' विचारलं की मुलगा दुसरीकडे बघून 'बरी शे' म्हणायचा. राखीला ती आली नाही, दिवाळीला आली नाही. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की पोरगी मेली. सासरच्यांनी मारली आणि इथल्यांनी दडपलं. एवढी गोष्ट जे दडपून रोज जेवायला वाढतात, ते आणखी काय करणार नाहीत?

हेमकांतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मयूरीही रडत होती. "तुम्ही ताईंना परत पाठवलं असतं, म्हणून नाही सांगितलं," ती त्यांच्यासमोर वाकून, ओठ नीट हलवत म्हणाली.

शांतीलालनी डोळे पुसले. "हा," ते म्हणाले. "मांगला साले मी तिले परत धाडी देतू." खोटं बोलले नाहीत.

मयूरीने डबा उघडला. दादर ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मान हलवली. "आज नही." खिशातलं केळ काढून सोललं आणि खाल्लं.

मयूरीचा चेहरा लाल झाला. "तुमचं दुःख मला कळलं बाबा. पण माझं काय? गावात माझ्या हातचं कोणी खात नाही. ते तुम्ही केलं. ते तुम्हीच मोडायचं."

गायत्रीने तिला थांबवलं नाही. सासऱ्यानेही तिला दटावलं नाही.

ते पुढे आणखी सहा वेळा आले. मधल्या काळात नंदुरबारला कान तपासले गेले. कानातलं मशीन पहिले काही दिवस ते लावायचे आणि काढून ठेवायचे, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणायचे. जेवण एकदम सुरू झालं नाही. आधी मयूरीच्या ताटातली अर्धी भाकर, तिने खाल्ल्यावर. मग चहा. मग एक दिवस ताट. प्रमिलाबाईंच्या श्राद्धाला गाव जेवायला होतं. तिथे शांतीलाल पहिल्या पंगतीला बसले आणि वाढप्यांना बाजूला करून त्या बहिऱ्या माणसाच्या ठेवणीतल्या आवाजात ओरडले, "मन्ही वहूले बलाव! ती तिना हातनं वाढी तर जेवसू!" चार गल्ल्यांना ऐकू गेलं म्हणे. मयूरी हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती.

भाविका आणि बाप पहिल्यांदा भेटले ते याच खोलीत. ती घरी यायला तयार नव्हती. गायत्रीकडून दाराशी खुर्ची ठेवून घेतली तिने, पटकन निघता यावं म्हणून. शांतीलाल कानातलं मशीन नीट बसवत राहिले. मग म्हणाले, "बोल." ती म्हणाली, "काय बोलू?" ते म्हणाले, "काहीपण." तिने त्यांना बालवाडीतल्या मुलांची नावं सांगितली. एकामागून एक, सव्वीस नावं. ते मान हलवत ऐकत होते. परत सासरी जाण्याचा विषय त्यांनी काढला नाही. ती अजून नंदुरबारलाच राहते. माहेरी येते, पण मुक्कामाला नाही. तेवढा विश्वास तिला अजून आलेला नाही आणि गायत्री म्हणते, घाई नको.

आणि ती वही? शेवटच्या दिवशी गायत्रीने त्यांची पानं शांतीलालसमोर उघडली आणि विचारलं, "वाचायची आहेत?" त्यांनी वाचली. दर पानावर चारच ओळी, आणि त्यांत कुणाविरुद्ध वापरता येईल असं काही नव्हतं. मी सतरा वर्षं ज्याची धास्ती घेतली होती, ते त्या दिवशीही घडलं नाही.

तरी माझा स्वभाव पूर्ण गेलेला नाही. गोड आवाज मी अजून दोनदा ऐकतो. संस्थेकडे पुढच्या वर्षी ही खोली राहील की नाही, कुणी नक्की सांगत नाही. माझ्या मागच्या डाव्या पायाला वाळवीने धरलंय. किती दिवस आहे कोण जाणे.

आज बुधवार आहे. दाराबाहेर मघापासून कुणीतरी उभं आहे. सावली आत पडते, मागे जाते, पुन्हा पडते. पायातल्या चपला काढाव्यात की नाही, याचा विचार चाललेला दिसतो. पाटी वाचणाऱ्या माणसा, बाई असशील किंवा बाप्या, एवढं सांगतो. संशय आला असेल तर तो घेऊनच आत ये. आणि चपला नको काढूस हवं तर. पळून जायचं झालं, तर सोपं पडेल.